नऊ, तीन, शून्य, चार

डिस्क गोल्फ खेळणाऱ्या पुरुषाला पगार विचारा, तो विषय बदलतो. वजन विचारा, पोट आत घेतो. पण पिशवीत ड्रायव्हर कुठला आहे एवढं विचारून बघा. चार आकडे एका दमात सांगतो. नऊ, तीन, शून्य, चार. सांगताना छाती थोडी पुढे येते, आणि समोरच्यानं ‘माझा आपला सात, पाच, शून्य, दोन’ असं मवाळ उत्तर दिलं की आणखी पुढे येते.

हे आकडे ‘फायरबर्ड’ नावाच्या डिस्कचे. कंपनी इनोव्हा, जात फेअरवे ड्रायव्हर आणि स्वभाव ओव्हरस्टेबल. आमच्या घरात आणि ओळखीच्या निम्म्या मराठी घरांत या स्वभावाची जेवढी चर्चा होते, तेवढी पोरांच्या स्वभावाची होत नाही.

ज्यांच्या घरात अजून हे शिरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा खेळ गोल्फसारखाच. काठी-चेंडूच्या जागी हातानं फेकायची प्लॅस्टिकची डिस्क आणि खड्ड्याच्या जागी खांबावर बसवलेली, साखळ्या लोंबणारी लोखंडी टोपली. कमीत कमी फेकींत डिस्क टोपलीत पडली पाहिजे. फ्रिस्बी विकणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीतल्या एड हेड्रिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये या खेळाचं पहिलं कायमस्वरूपी मैदान उभारलं, दुसऱ्या वर्षी पीडीजीए ही संघटना काढली, साखळ्यांच्या टोपलीचं पेटंट घेतलं. २००२ साली ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून तिच्या डिस्क पाडल्या. आपल्याकडे जे काम नाशिकला रामकुंडावर होतं ते तिथं साच्यात झालं. या खेळाची माणसं कुठवर जातात ते कळावं म्हणून सांगितलं, बाकी काही नाही.

आम्ही राहतो नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला. या शहरात बँका पुष्कळ. बँकांना सॉफ्टवेअर लागतं, सॉफ्टवेअरला मराठी माणसं लागतात आणि मराठी माणसांना शनिवारी सकाळी काहीतरी फुकट लागतं. गोल्फला पैसे पडतात. डिस्क गोल्फची मैदानं सरकारी बागांतून आहेत, गाडी लावा आणि खेळा. शिवाय २०१२ सालची जागतिक स्पर्धा याच शहरात झाली होती आणि पॉल मॅकबेथनं आपलं पहिलं जगज्जेतेपद इथंच मिळवलं, त्यामुळे आपण काही येरागबाळ्या जागी खेळत नाही, असंही सांगता येतं. पुढे २०२१ साली त्याच मॅकबेथनं डिस्क्राफ्ट कंपनीशी दहा वर्षांचा एक कोटी डॉलरचा करार केला. ती बातमी आमच्या घरात मोठ्यानं वाचून दाखवण्यात आली होती. उद्देश काय होता ते मला कळलं, पण मी कुकर लावत होते.

फुकटच्या खेळात पैसे कुठं जातात? डिस्कमध्ये. गोल्फवाल्यांनी एका खेळाडूला चौदाच काठ्या असा नियम करून कितीतरी संसार सावरले आहेत. डिस्क गोल्फच्या नियमांत डिस्कच्या संख्येला मर्यादाच नाही. आधी खांद्याला अडकवायची छोटी पिशवी येते, मग पाठीवरची मोठी, आणि मग चाकांची गाडी. त्या गाडीवर बसायची सोयही असते. खेळायला गेलेल्या माणसाला बसायला लागतं, हे मी कबड्डीच्या घरात वाढलेली असल्यामुळे मला जरा जड गेलं.

आता आकड्यांकडे येऊ. पहिला स्पीड, दुसरा ग्लाइड म्हणजे हवेत तरंगत राहणं, तिसरा टर्न, चौथा फेड. उजव्या हाताच्या माणसानं बॅकहँड फेकलेली डिस्क वरून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेनं फिरत जाते. वेगात असताना ती थोडी उजवीकडे झुकते, तो टर्न. वेग ओसरला की डावीकडे वळते, तो फेड. कारण असं, की वेग कमी झाल्यावर हवा डिस्कचं नाक वर उचलू बघते, आणि गरगर फिरणाऱ्या वस्तूची गंमत अशी की तिला पुढून रेटा दिला तर ती बाजूला कलते. म्हणून नाक वर जायच्याऐवजी डिस्क डावीकडे लवंडते. ज्या डिस्कचा टर्न शून्य आणि फेड भरभक्कम, ती ओव्हरस्टेबल.

प्रत्येक घराण्यात एक काका असतात. त्यांना मानाचं पान द्या, दोनदा वाढा, त्यांच्या म्हणण्याला मान डोलवा. सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असताना शेवटी ते ‘पण माझं म्हणणं असं आहे’ वर येतातच. तारीख कुठलीही असो, कार्य कुठलंही असो. ओव्हरस्टेबल डिस्क म्हणजे हे काका. सरळ फेका, उजवीकडे कलती करून फेका, वाऱ्यावर फेका. शेवटी त्या आपल्या म्हणण्यावर येणार, म्हणजे डावीकडे.

असल्या काकांना कोणी पैसे देऊन घरी आणतं का? आणतं. त्यामागचं कारण मला दुकानात उलगडलं.

दुकानातला पोरगा प्रामाणिक होता. आधी त्यानं नवऱ्याची फेक पाहिली, मग भिंतीवरून ‘लेपर्ड’ काढून दिली. सहा, पाच, वजा दोन, एक. नवशिक्या हातासाठी उत्तम, अलगद जाते, सरळ जाते. आता महाराष्ट्र बोर्डातून पास झालेल्या माणसासमोर वजा दोन ठेवणं म्हणजे काय, हे त्या पोराला कोण सांगणार? ‘मायनस’ हा शब्द ऐकल्याबरोबर आमच्या सोबतच्या कोल्हापूरकरांचा चेहरा पडला. सहापेक्षा नऊ मोठे. एकापेक्षा चार मोठे. वजा दोनपेक्षा शून्य तर निःसंशय मोठं. ग्लाइड तेवढा पाचाचा तीन होत होता, पण एका विषयात कमी मार्क चालतात. अशा रीतीनं गुणपत्रिका तपासून फायरबर्ड घेण्यात आली, आणि पोरगा ‘नाइस’ म्हणाला. अमेरिकन माणूस ‘नाइस’ म्हणतो तेव्हा त्यानं प्रयत्न सोडून दिलेले असतात.

खरी गोम अशी आहे की स्पीडचा नऊ हा डिस्कचा गुण नाही, तिची मागणी आहे. तुम्ही मला एवढ्या वेगानं फेकलंत तर मी छापलेल्या आकड्यांप्रमाणे उडीन, असा तो करार. त्याहून हळू फेकलंत तर तिच्या लेखी प्रवास सुरू होण्याआधीच संपत आलेला असतो, आणि हातातून सुटल्या सुटल्या ती शेवटचा अध्याय उघडते. मग टी-पॅडवरून, म्हणजे पहिली फेक टाकायच्या जागेवरून, निघालेली डिस्क शंभर फुटांत डाव्या झाडीत. पाहणाऱ्याला वाटतं, ती काहीतरी विसरली होती ते आणायला गेली.

त्यात नावं! फायरबर्ड, प्रिडेटर, रॅप्टर. दिवसभर बँकेच्या कॉन्फरन्स कॉलवर ‘कॅन यू हिअर मी’ म्हणणाऱ्या माणसाला शनिवारी हातात प्रिडेटर धरावासा वाटला तर त्यात त्याचा काय दोष? कॅन्ससची डायनॅमिक डिस्क्स ही कंपनी तर अख्खं कोर्ट-कचेरीच चालवते. त्यांचा ओव्हरस्टेबल फेअरवे ड्रायव्हर म्हणजे फेलन, अट्टल गुन्हेगार. पटर आहे जज. शिवाय शेरीफ आहे, वॉरंट आहे, सस्पेक्ट आहे. विटनेससुद्धा आहे आणि त्याचा टर्न चक्क वजा तीन, म्हणजे साक्षीदार सगळ्यांत आधी फिरतो. ही डिस्क काढणाऱ्यानं तालुका न्यायालय जवळून पाहिलेलं असणार.

बरं, या आकड्यांना एक वजनमाप आहे का? तर नाही. डिस्कचा व्यास किती, वजन किती, कड किती रुंद, हे संघटना मोजते आणि मगच मंजुरी देते. ती कशी उडते हे मात्र ज्याची त्यानं सांगायचं. एका कंपनीचा तीन दुसऱ्या कंपनीच्या चारासारखा वागतो, आणि काही कंपन्या साडेतीन असंही लिहितात, जणू हवेत अर्धा आकडा मोजून ठेवलाय. यावरून मैदानावर वाद होतात. ते मी मन लावून ऐकते, कारण त्या वेळात बाकी कोणी डिस्क फेकत नाही आणि मला सुरक्षित वाटतं.

वजनाचं प्रकरण तर खास आपलं. नियमानुसार व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅम, म्हणजे एकवीस सेंटिमीटरच्या ड्रायव्हरला साधारण १७५ ग्रॅमपर्यंत जाता येतं. हळू हातांसाठी दीडशे ग्रॅमच्या आसपासच्याही डिस्क मिळतात. त्या वाऱ्यात थोड्या भरकटतात, पण नवख्याला सोप्या. आणि बहुधा दोन्हींची किंमत एकच! एका किमतीत दीडशे मिळत असताना पावणेदोनशे मिळत असेल, तर पंचवीस ग्रॅम दुकानदाराला सोडून यायचं काय कारण? आमच्या ओळखीत १७५च्या खालची डिस्क कोणाकडे नाही. असलीच तर ती बायकोसाठी घेतलेली असते. माझी १५७ आहे, लेपर्ड, आणि ती सरळ जाते. हा विषय आमच्याकडे काढत नाहीत.

प्लॅस्टिकचेही वर्ण आहेत. साधं डीएक्स स्वस्त आणि हाताला छान बसणारं, पण चार झाडांना भेटलं की झिजतं, आणि झिजलेल्या डिस्कचा ताठा उतरतो. चँपियन महाग, टणक, काचेसारखं आरपार. ते वर्षानुवर्षं आपला हट्ट सोडत नाही. डिस्क निवडताना ती डोळ्यांसमोर आडवी धरायची, एक डोळा मिटायचा आणि वरचा भाग सपाट आहे की फुगीर ते बघायचं. सपाट असली आणि कडेची जोडरेघ थोडी वर असली तर ती जास्त ओव्हरस्टेबल, असं जाणकार सांगतात. एकाच साच्यातून, एकाच नावानं निघालेल्या दोन डिस्कही सख्ख्या भावांइतक्या वेगळ्या वागू शकतात, त्यामुळे रांगेतली प्रत्येक डिस्क काढून असा डोळा मिटावा लागतो. दुकानात शनिवारी दुपारी एक डोळा मिटलेले पाच-सहा पुरुष ओळीनं उभे असतात. नवखी बाई आत आली तर दारातूनच परत फिरेल.

ओव्हरस्टेबल डिस्क कशासाठी घ्यायची याचं पाठ केलेलं उत्तर एकच: समोरचा वारा. आणि ते खरंही आहे. समोरून वारा आला की डिस्कवरून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो आणि गरीब स्वभावाची डिस्क उजवीकडे कोलमडते. काका वाऱ्याला दाद देत नाहीत. पण शार्लटची आमची मैदानं आहेत पाइनच्या जंगलात. दोन्ही बाजूंना उंच झाडं, मधून बोळासारखी वाट. मे महिन्यात तिथं वाऱ्याची झुळूक यावी म्हणून आम्ही बायका टोपीनं वारा घेत असतो, आणि शेजारी आमचे पुरुष वादळात चालणारी हत्यारं काढून उभे.

वारा खरा कुठं असतो, तर दक्षिणेला अर्ध्या-पाऊण तासावरच्या रॉक हिल गावी. तिथल्या विन्थ्रॉप विद्यापीठाच्या तळ्याकाठी १९९९ पासून अमेरिकेची मोठी स्पर्धा भरते, यूएसडीजीसी. मैदानभर पिवळे दोर टाकलेले असतात आणि डिस्क दोरापलीकडे गेली की दंडाची एक फेक. सतराव्या टोपलीभोवती तर गवताच्या गठ्ठ्यांचं कुंपण. एका ऑक्टोबरात आम्ही सगळे गेलो होतो, सासऱ्यांसकट. सासरे वीज मंडळातून निवृत्त झालेले, सहा महिन्यांसाठी आलेले, आणि तोवर या खेळावर त्यांनी एक अक्षरही काढलेलं नव्हतं. ते घडी घालायची खुर्ची टाकून, टोपी घालून बसले आणि दिवसभर फक्त बघत राहिले.

मीही बघत होते. हे खेळाडू आमच्यासारखीच डिस्क वापरतात, पण तिच्याशी त्यांचं बोलणं वेगळं. कोणी ती फोरहँडनं फेकतो. मनगटाचा झटका कितीही वेडावाकडा बसला तरी ओव्हरस्टेबल डिस्क थरथर पचवते आणि उलटी फिरत असल्यामुळे शेवटी उजवीकडे वळते. कोणी मुद्दाम उजवीकडे लवंडलेली सोडतो. ती उजवीकडे जात जात हवेतच सावरते आणि डावीकडे परतते, इंग्रजी एसचं अक्षर काढून. कोणी जमिनीवर अशी आपटवतो की ती घसरत कोपऱ्यापलीकडे जाते, जिथं सरळ फेकून पोचणं शक्यच नव्हतं. २०१७ साली ही स्पर्धा जिंकणारा नेट सेक्स्टन तर फायरबर्डमुळेच ओळखला जातो. त्याच्या नावाच्या फायरबर्ड निघतात, आणि त्यांतल्या जुन्या, दुर्मीळ डिस्क मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकल्या जातात. घेणारे त्या फेकत नाहीत. भिंतीवर लावतात. मला वाटतं, त्या डिस्कचा सगळ्यांत योग्य वापर एवढ्या लोकांनी करून दाखवलाय.

परतीच्या वाटेवर गाडीत सासरे पहिल्यांदा बोलले.

‘अरे, तुझी ती डिस्क बिघडलीय असं तू म्हणत होतास ना?’

‘बिघडली नाही, बाबा. डावीकडे जाते.’

‘दर वेळी?’

‘दर वेळी.’

‘मग चांगलीय की. बिघडलेली वस्तू रोज वेगळं काहीतरी करते. ही डावीकडंच जाणार असेल तर तू उजवीकडं टाक. ती सगळी पोरं तेच करत होती.’

‘उजवीकडे झाडं आहेत, बाबा.’

‘डावीकडंही आहेत. ती आता तुला ओळखतात, एवढाच फरक.’

खरं तर याहून नेमका सल्ला कुठल्याही जाणकारानं दिला नसता. ओव्हरस्टेबल डिस्क निवडायची ती ती सरळ जाते म्हणून नाही, ती कुठं जाईल हे आधी ठाऊक असतं म्हणून. पण टोपली समोर दिसत असताना तिच्याकडे जवळजवळ पाठ करून उजव्या बाजूच्या पाइनवर नेम धरायचा, आणि मग काका आपला हट्ट राखतील यावर विसंबायचं, याला जी श्रद्धा लागते ती आमच्या मंडळींपाशी नाही. त्यांना हट्टी डिस्क हवी आणि ती ऐकायलाही हवी.

मग उपाय म्हणून आणखी खरेदी. जाणकार म्हणतात, एकाच साच्याच्या तीन ठेवाव्यात: एक कोरी, एक थोडी रुळलेली, एक पुरती झिजलेली. कोरी वाऱ्यासाठी, रुळलेली रोजसाठी, झिजलेली जवळजवळ सरळ जाते ती अरुंद वाटेसाठी. यावर मी विचारलं, की सरळ जाणारी डिस्क हवी म्हणून वळणारी घ्यायची आणि ती झिजेपर्यंत वर्षानुवर्षं झाडांवर आपटायची, यापेक्षा आधीच सरळ जाणारी घेतली तर? खोलीत शांतता पसरली. कोल्हापूरकर म्हणाले, ‘वहिनी, तसं नसतंय ते.’ कसं असतंय ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. काही धूर्त लोक दुसऱ्यानं झिजवलेली फायरबर्ड मुद्दाम जुन्या बाजारात शोधतात, आणि गंमत म्हणजे बऱ्यापैकी झिजलेल्या डिस्कला काही वेळा नवीपेक्षा चांगला भाव येतो. आपल्याकडे नव्या नवरीपेक्षा जुन्या सुनेला कोणी जास्त मान दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही, पण असो.

पैसा खर्च न करता ओव्हरस्टेबल ड्रायव्हर निवडायचा असेल तर एक जागा मला ठाऊक आहे. कुठल्याही मैदानाच्या पहिल्या टी-पॅडवर उभं राहायचं, शंभर फूट पुढे जायचं आणि डावीकडच्या झाडीत शिरायचं. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, कारण तिथं पॉयझन आयव्ही असते, आणि पाय बघून टाकायचा, कारण तिथं कॉपरहेड सापही असतात. नियमानं हरवलेली डिस्क शोधायला तीनच मिनिटं मिळतात, त्यामुळे उतावळी माणसं ती तिथंच टाकून पुढे गेलेली असतात. आमची शोधता शोधता मला तिथं इतरांच्या बऱ्याच सापडल्या आहेत. सगळ्या हट्टी जातीच्या, सगळ्या टणक प्लॅस्टिकच्या, सगळ्या भरगच्च वजनाच्या आणि बहुतेकांवर ओरखडाही नाही. लेपर्ड तिथं मला कधी मिळालेली नाही.

डिस्कच्या मागे मालकानं आपला फोन नंबर लिहिलेला असतो आणि सापडली तर फोन करून परत करायची, अशी या खेळात चांगली रीत आहे. परवा एक नारिंगी, आरपार दिसणारी, कोरी करकरीत मिळाली. मी तिथूनच फोन लावला. गृहस्थ फार सभ्य होते. कुठं सापडली, त्यांनी विचारलं. पहिल्याच फेअरवेच्या डावीकडे, मी सांगितलं. टी-पॅडपासून किती लांब? मी तेही सांगितलं. पलीकडून काही क्षण काहीच आवाज आला नाही.

‘राहू द्या तुमच्याकडेच,’ ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

झाडीच्या बाहेर नवरा, कोल्हापूरकर आणि सासरे उभे होते. मी काय झालं ते सांगितलं. सासऱ्यांनी मान हलवली. नवऱ्यानं हात पुढे केला, डिस्क उलटी केली, डोळ्यांसमोर आडवी धरली आणि एक डोळा मिटला.

‘बघ की किती ग्रॅम आहे,’ कोल्हापूरकर म्हणाले.